चांद्रयान-३चा वर्धापनदिन: तारखेने २३ ऑगस्ट, मग तिथीने कधी?

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरला ती वेळ बहुतेकांना पाठ आहे. तीनच दिवसांनी, २६ ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बेंगळुरूमध्ये २३ ऑगस्ट हा ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ म्हणून जाहीर केला. २०२४ पासून तो देशभर साजरा होतो.

अडचण एकच आहे. हा दिवस ऐन पावसाळ्यात येतो.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं सौंदडच घ्या. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर स्टेशन असलेलं हे गाव. ऑगस्टच्या शेवटी इथे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, रोवणी उरकत आलेली असते आणि आभाळ कधी उघडेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे चंद्रावरच्या मोहिमेचा दिवस, पण चंद्र बघायची सोय नाही. मग तो निबंध, चित्रकला, प्रश्नमंजुषा आणि भाषण यांच्यावरच भागवावा लागतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या मुलाला खरंच अंतराळाचं वेड आहे, त्याला त्या दिवशी वर बघायला काहीच मिळत नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो घरातल्या भिंतीवरच टांगलेला आहे. शिवजयंती तारखेनुसार १९ फेब्रुवारीला आणि तिथीनुसार फाल्गुन वद्य तृतीयेला, हे मराठी माणसाला सांगायला नको. चांद्रयान-३च्या बाबतीत तर तिथीचा हिशेब जास्त अर्थाचा आहे, कारण उतरण्याचा दिवस ठरवताना इस्रोने प्रत्यक्षात चंद्राच्याच घड्याळाकडे पाहिलं होतं.

२३ ऑगस्टच का निवडला?

चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ, आपल्या साधारण साडेएकोणतीस दिवसांएवढा असतो. त्यात सुमारे १४ दिवस सलग ऊन आणि तेवढीच सलग रात्र. विक्रम लँडर आणि ‘प्रज्ञान’ रोव्हर दोघेही सौर पॅनेलवर चालणारे होते. रात्री तिथलं तापमान उणे दीडशे अंशांच्याही खाली जातं आणि त्या थंडीत टिकण्यासाठी लागणारी हीटरची व्यवस्था त्यांच्यात नव्हती. त्यामुळे मोहिमेचं आयुष्य सुरुवातीपासूनच चंद्रावरच्या एका दिवसाचं, म्हणजे आपल्या १४ दिवसांचं ठरलेलं होतं. त्यातला एकही दिवस वाया घालवायचा नसेल, तर उतरण्याच्या जागी सकाळ असतानाच उतरायला हवं.

सकाळ हवी असण्याचं आणखी एक कारण आहे. सूर्य क्षितिजाच्या थोडा वर असताना खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात. कॅमेऱ्याने खाली बघत सपाट जागा शोधणाऱ्या लँडरला या सावल्या लागतातच. माथ्यावर ऊन असेल तर खड्डा आणि सपाट जमीन सारखीच दिसते. अपोलो ११चं ‘ईगल’ २० जुलै १९६९ रोजी उतरलं तेव्हा तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ११ अंशच वर होता, ते याचसाठी. तेव्हाही आकाशात पहिल्या चतुर्थकाच्या आधीचा, वाढता चंद्र होता.

विक्रमची जागा चंद्रावरच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आणि ३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. या रेखांशावर अमावस्येनंतर पावणेपाच दिवसांच्या आसपास सूर्य उगवतो. तिथीच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध पंचमीच्या सुमारास तिथे उजाडतं, सप्तमीपर्यंत पुरेसं ऊन वर येतं आणि वद्य पंचमीच्या सुमारास मावळतं. महिना कुठलाही असो, हे बदलत नाही. चंद्राची कला म्हणजे त्याच्यावर ऊन कुठवर पोहोचलं आहे त्याचाच नकाशा असतो.

आता २०२३चं पंचांग काढा. त्या वर्षी श्रावण अधिक होता. निज श्रावण सुरू झाला १७ ऑगस्टला, नागपंचमी आली २१ ऑगस्टला आणि २३ ऑगस्टला होती श्रावण शुद्ध सप्तमी. म्हणजे विक्रमच्या जागी सकाळ.

पुढचा हिशेबही तसाच जुळतो. प्रज्ञानला २ सप्टेंबरला झोपवण्यात आलं आणि ४ सप्टेंबरला सकाळी विक्रमला. तो सोमवार होता, श्रावणातलाच, आणि तिथी होती वद्य पंचमी. विक्रमचं सगळं कामकाज, गंधकाचा शोध, मातीत घातलेला तापमापक, ४० सेंटीमीटरची ती छोटीशी उडी, हे सगळं श्रावण शुद्ध सप्तमी ते श्रावण वद्य पंचमी या काळातलं आहे. पुढच्या महिन्यात तिथे पुन्हा ऊन वर आल्यावर, २२ सप्टेंबरला इस्रोने दोघांना हाक मारून पाहिली. उत्तर आलं नाही.

चांद्रयान-२चा प्रयत्नही असाच शुद्ध पक्षातला. ७ सप्टेंबर २०१९च्या त्या मध्यरात्री महाराष्ट्रात गणपती बसलेले होते, गौरीही आलेल्या होत्या. योगायोग वाटतो, पण कारण तेच आहे: तिथेही सकाळच हवी होती.

तारीख आणि तिथी यांची फारकत

तारीख सूर्याची, तिथी चंद्राची. त्यामुळे दर वर्षी २३ ऑगस्टला चंद्र वेगळाच असतो. २०२४ मध्ये पहिला अंतराळ दिन आला तेव्हा संकष्टी नुकतीच होऊन गेली होती आणि विक्रमच्या जागी संध्याकाळ होत आली होती. २०२५ मध्ये तर गंमतच झाली. २२ ऑगस्टला पोळा आणि २३ला तान्हा पोळा. गोंदिया-भंडाऱ्यातली पोरं लाकडी नंदी सजवून फिरत होती तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन होता, आणि त्याच दिवशी सकाळी अमावस्या संपली. आभाळ पूर्ण निरभ्र असतं तरी चंद्र दिसला नसता. २०२६च्या २३ ऑगस्टचा चंद्र चतुर्थक ओलांडून पौर्णिमेकडे निघालेला.

तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास जुळायला १९ वर्षं लागतात. हे जुनं गणित आहे, जगभरच्या पंचांगकर्त्यांना माहीत असलेलं. त्यानुसार २३ ऑगस्ट २०४२च्या संध्याकाळी पुन्हा २०२३सारखाच, एखाद्या तिथीच्या फरकाचा अर्धा चंद्र आकाशात असेल. तेवढी वाट बघायची गरज नाही. शुद्ध सप्तमी दर महिन्याला येते.

सौंदडपासून मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची हद्द फार लांब नाही. तिकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. वद्य पक्षात त्यामुळे महिन्याचं नाव बदलतं. शुद्ध पक्षात मात्र दोन्हीकडे महिना तोच आणि तिथीही तीच. तेव्हा बालाघाटच्या पाहुण्यालाही हेच गणित चालेल.

सप्तमीच्या संध्याकाळी काय दिसतं?

सगळ्यात सोयीचे महिने कार्तिक आणि मार्गशीर्ष. पाऊस गेलेला, धान कापणीला आलेलं किंवा कापून झालेलं, हवा कोरडी. सप्तमीचा चंद्र दुपारी बाराच्या आसपास उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. सूर्य मावळेपर्यंत तो आकाशात चांगला वर आलेला असतो. म्हणजे मुलांना रात्री जागवायची गरज नाही. साडेसहा ते आठ ही वेळ पुरे. सौंदडच्या आसपास जागेची वानवा नाही. महामार्गाच्या दिव्यांपासून जरा आत, एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर किंवा कापलेल्या बांधीत उभं राहिलं तरी झालं. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भातल्या जुन्या सिंचन तलावांना हेच नाव आहे.) चंद्रासाठी खरं तर काळोखही लागत नाही, शाळेचं मैदान चालतं.

दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. चंद्राचा उजवा अर्धा भाग उजळलेला दिसेल, डावा अंधारात. दोघांच्या मधली रेषा म्हणजे चंद्रावरची पहाट. त्या रेषेवर जो कोणी उभा असेल त्याला सूर्य उगवताना दिसेल. आता ही रेषा धरून नजर खाली, चंद्राच्या अगदी तळाच्या टोकापर्यंत न्या. टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी, रेषेच्या उजवीकडे, उजेडाच्या बाजूला जो भाग येतो, विक्रम तिथे आहे. त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव दिलं गेलं आणि १९ मार्च २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ‘स्टॅशियो शिवशक्ती’ म्हणून त्याला मान्यता दिली.

नुसत्या डोळ्यांनी जागेचा अंदाज येतो. १० बाय ५०ची दुर्बीण असेल तर तळाच्या त्या भागात खड्डेच खड्डे दिसतात, देवीचे व्रण असावेत तसे. शाळेतली लहान दुर्बीण असेल तर मँझिनस नावाचं जवळपास शंभर किलोमीटर रुंदीचं विवर शोधायचा प्रयत्न करता येईल. विक्रम त्याच्या शेजारीच उतरला. कडेला असल्यामुळे ही विवरं गोल न दिसता चपटी, लंबगोल दिसतात.

विक्रम स्वतः दिसणार नाही. तो जेमतेम दोन मीटर रुंद आहे आणि अंतर आहे पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त. पृथ्वीवरची कुठलीही दुर्बीण तो दाखवू शकत नाही, हबल दुर्बिणीलाही ते जमत नाही. ‘आमच्या टेलिस्कोपमधून चांद्रयान पाहा’ असं कुणी म्हणालं, तर दहा रुपये खिशातच ठेवा.

त्याच संध्याकाळी आणखी एक जागा फुकटात बघून होते. उजळलेल्या अर्ध्या भागाच्या साधारण मधोमध एक काळसर डाग दिसतो, तो शांतीसागर. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन त्याच्या दक्षिण कडेशी उतरले. शांतीसागर सपाट आहे, शिवशक्तीचा परिसर खडबडीत. दोन्हीकडे एकदा लागोपाठ पाहिलं की चांद्रयान-२ आणि ३साठी जागा निवडणं का अवघड होतं, ते वेगळं समजवावं लागत नाही.

एक सूचना. फाल्गुनाच्या सुमारास सप्तमीचा चंद्र सौंदडच्या जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा ‘खाली’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द फसवतात. उजळलेली बाजू नेहमी पश्चिमेकडची, एवढं लक्षात ठेवलं तर चुकायला होत नाही.

मग २३ ऑगस्टला काय करायचं?

पाऊस असेल तर छताखाली करण्यासारखंही बरंच आहे.

विक्रमचं उतरणं एकूण १९ मिनिटांचं होतं. त्या संध्याकाळी ५ वाजून ४५ मिनिटांच्या आसपास तो चंद्रापासून ३० किलोमीटर उंचीवर, ताशी सहा हजार किलोमीटरच्या वेगाने जात होता. पहिल्या साडेअकरा मिनिटांत त्याने चार इंजिनांच्या जोरावर वेग मारला आणि उंची साडेसात किलोमीटरच्या खाली आणली. दीडशे मीटरवर तो क्षणभर थांबला, खालची जमीन पाहिली आणि मग हळूहळू टेकला. या १९ मिनिटांत त्याने आडवं अंतर कापलं सातशे किलोमीटरहून जास्त. सौंदडहून मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढीच भरते. रेल्वेने जाऊन आलेल्या मुलांना हा वेग बरोबर कळतो.

इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर त्या संध्याकाळचं थेट प्रक्षेपण अजून आहे. एका वेळी सुमारे ८० लाख लोक ते पाहत होते. ५ वाजून ४५ मिनिटांनी ते लावायचं, घड्याळाशी जुळवून, म्हणजे टाळ्या बरोबर ६ वाजून ४ मिनिटांना पडतात. नेटवर्क दगा देण्याची शक्यता असेल तर आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवलेलं बरं. पावसाळ्यात वीजही जाते.

वर्गाच्या फरशीवर खडूने दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन काढा, तो विक्रम. त्याच्या शेजारी ९२ बाय ७५ सेंटीमीटरचा आयत, तो प्रज्ञान. वजन २६ किलो, म्हणजे तांदळाच्या २५ किलोच्या कट्ट्यापेक्षा किलोभर जास्त. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटीमीटर. एखादी खेळण्यातली गाडी तेवढ्याच वेगाने सरकवून पाहा. दोन मिनिटांत पोरं कंटाळतात. प्रज्ञान अशाच चालीने शंभर मीटरहून जास्त फिरला. न थांबता चालला असता तरी त्याला पावणेतीन तास लागले असते, आणि तो तर थांबत, खड्डे चुकवत, बेंगळुरूहून आज्ञा येण्याची वाट बघत चालत होता.

अंतर समजवायचं असेल तर फुटबॉल आणि टेनिसचा चेंडू पुरतो. फुटबॉल ही पृथ्वी मानली तर टेनिसचा चेंडू साधारण चंद्राएवढा होतो. दोघांमध्ये किती अंतर ठेवायचं, हे आधी मुलांनाच विचारा. बहुतेक जण हातभर ठेवतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे इथे साडेसहा मीटर, वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पुस्तकातल्या चित्रांनी सगळ्यांना फसवलेलं आहे.

फॉरवर्ड करण्याआधी

दर वर्षी याच आठवड्यात काही जुने मेसेज पुन्हा फिरतात.

चंद्राच्या मातीवर अशोकस्तंभाचा आणि इस्रोच्या चिन्हाचा ठसठशीत शिक्का उमटल्याचा फोटो खरा नाही, ते एका कलाकाराने संगणकावर केलेलं चित्र आहे. प्रज्ञानच्या चाकांवर ही चिन्हं खरोखर कोरलेली होती, पण तसा स्वच्छ ठसा दाखवणारा फोटो आलेला नाही.

‘भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरला’ हे वाक्य तर मोठमोठ्या मथळ्यांत आलं. ध्रुव ९० अंशांवर, विक्रम ६९ अंशांवर. दोघांमध्ये सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दक्षिण ध्रुवाच्या दिशेला त्याआधी कुणीही इतकं पुढे जाऊन अलगद उतरलं नव्हतं, हे मात्र खरं. तेवढं पुरेसं मोठं आहे, फुगवायची गरज नाही.

आणि प्रक्षेपणात उतरताना दिसलेला लँडर हा ॲनिमेशन होता, यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर चाललेला. विक्रमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं उतरण्याचं चित्रण नंतर प्रसिद्ध झालं. ‘हे खोटं होतं’ म्हणणारे मेसेज याच गोंधळावर जगतात.

आभाळ साफ असणारे आणखी दिवस

तारखेनेच साजरं करायचं आणि चंद्रही बघायचा, असा हट्ट असेल तर १४ नोव्हेंबर बघा. २००८ साली याच दिवशी चांद्रयान-१मधून सुटलेला ‘मून इम्पॅक्ट प्रोब’ शॅकल्टन विवराजवळ, खरोखरच्या दक्षिण ध्रुवापाशी आदळला. पंडित नेहरूंची जयंती म्हणून हा दिवस मुद्दाम निवडला होता. बालदिन आणि चंद्र एकत्र येतात, फक्त शाळेला दिवाळीची सुट्टी आहे का ते बघावं लागतं. चांद्रयान-१ निघालं तो २२ ऑक्टोबर, मंगळयान निघालं तो ५ नोव्हेंबर (२०१३). उन्हाळ्यात ३ एप्रिल आहे, १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तो दिवस, आणि १९ एप्रिल, १९७५ साली आर्यभट उपग्रह सोडला तो.

एप्रिलवरून पूर्व विदर्भाला दुसरंच काही आठवेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना लोकांनी अंगणातून पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात मोठी धातूची कडी येऊन पडली. सौंदड ज्या रेल्वेमार्गावर आहे त्याच मार्गावर पुढे सिंदेवाही लागतं. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, रात्रभर सगळं बोलून झालं. तो चिनी रॉकेटचा परत कोसळलेला भाग असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. आकाशाकडे बघायची सवय असलेली चार माणसं गावात असली तर अशा रात्री घबराट कमी होते.

जवळचं तारांगण हवं असेल तर ते नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात आहे.

विक्रम आता काय करतोय?

काहीच नाही. बॅटरी मेली, संपर्क तुटला. दर शुद्ध पंचमीला त्याच्यावर ऊन येतं, वद्य पंचमीला जातं.

त्याच्या माथ्यावर नासाने दिलेलं एक छोटं उपकरण मात्र अजून कामाचं आहे. पाच सेंटीमीटरच्या तबकडीवर बसवलेले आठ काचेचे परावर्तक, आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारे. त्याला वीज लागत नाही, थंडीने ते बिघडत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या ‘लूनर रिकनेसन्स ऑर्बिटर’ या यानाने सुमारे शंभर किलोमीटरवरून विक्रमवर लेझरचा झोत टाकला आणि तो परत आला. त्या दिवशी कार्तिकातली अमावस्या लागत होती. म्हणजे विक्रमच्या जागी रात्र होती.